सहीसकट बेलापूरला या

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : शासनाने स्वतः नवी मुंबईत येण्याबाबत.

महोदय,

सीबीडी बेलापूरला कोकण भवनच्या आसपास माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, अपील, प्रतिज्ञापत्र, माहिती अधिकार, स्मरणपत्र, मग स्मरणपत्र क्रमांक दोन, असा सगळा माल इथे तयार होतो. 'उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की' हे माझी बोटं झोपेतही टाइप करतील. आज ती भाषा बाजूला ठेवतो, कारण हा अर्ज गिऱ्हाइकाचा नाही, माझाच आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत महाराष्ट्र शासनाला द्यायला मंजुरी दिली. किंमत १,६०१ कोटी रुपये. २१ जून २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयात जागा अपुरी पडते, बरीच कार्यालयं बाहेर विखुरली आहेत, ती जवळ आणायची आहेत, असं कारण वाचलं. कारण खोटं नाही. इमारत खासगी बिल्डरच्या घशात गेली नाही, हेही बरंच झालं. पण एवढा मोठा व्यवहार होताना 'नरिमन पॉइंटच कशाला?' असं कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. विचारायला हवं होतं. कारण ह्याच शासनाने खाडीपलीकडे एक आख्खं शहर वसवलं, ते मुळात मुंबईच्या त्या टोकावरचा भार कमी व्हावा म्हणून.

ही गोष्ट आपल्या दप्तरी असेलच, तरी सांगतो. १९६५ साली चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी एक मांडणी केली. मुंबई उत्तरेकडे लांबत चाललीय, सकाळी सगळं शहर दक्षिणेकडे धावतं, संध्याकाळी उत्तरेकडे, हे असंच चालू राहिलं तर गाड्या कितीही वाढवा, पुरणार नाहीत. तेव्हा पूर्वेला, खाडी ओलांडून नवं शहर उभं करा. आणि तिथे लोकांनी यावं असं वाटत असेल तर राज्य सरकारने आधी स्वतः तिकडे जाऊन बसावं. सरकार गेलं की वकील जातात, बँका जातात, कंपन्यांची ऑफिसं जातात, त्यांच्यामागून चहावाला आणि माझ्यासारखा झेरॉक्सवाला जातो. सगळ्या मांडणीची किल्ली ती होती. १७ मार्च १९७० ला हे शहर उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी मुक्रर झाली, आणि बेलापूरच्या वाट्याला 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट' असं भारदस्त नाव आलं. त्या नावाचं आम्ही सीबीडी केलं आणि पुढे रिक्षावाल्याने नुसतं 'शीबीडी'.

आता त्याच काळात पलीकडे काय चाललं होतं बघा. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. पुढच्याच वर्षी, १९७४ ला, नरिमन पॉइंटला एअर इंडियाचा टॉवर उभा राहिला. म्हणजे एका हाताने सिडको काढली आणि दुसऱ्या हाताने नरिमन पॉइंटच्या बॅकबे समुद्रात भराव टाकून त्यावर टॉवर उठू दिले. १९८१ ला नवं विधान भवन झालं, तेही तिथेच, मंत्रालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे खरा निकाल लागला. आमदार तिथे, मंत्री तिथे, मग सचिव दुसरीकडे कशाला जातील? पुढे वांद्रे-कुर्ला संकुल भरत गेलं, सेबी, नाबार्ड, राष्ट्रीय शेअर बाजार तिकडे गेले, आणि बेलापूरच्या नावातला बिझनेस बराचसा मिठी नदीच्या काठीच थांबला.

एवढ्यावरच असतं तर 'योजना फसली' म्हणून सोडून दिलं असतं. पण योजना सगळ्यांसाठी फसली नाही. ज्यांना हलवायचं ठरलं होतं त्यातले बाकी सगळे हलले.

पहिले इथले भूमिपुत्र. आगरी-कोळी माणसांची भातशेती, मिठागरं, मासेमारी गेली ती 'राज्याच्या हितासाठी'. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची. बेलापुरातल्या कुठल्याही टायपिंगवाल्याला विचारा, साडेबारा टक्क्यांचे अर्ज आजही टाइप होतात. आता मुलं येतात आजोबांच्या नावाची कागदपत्रं घेऊन.

दुसरे व्यापारी. मशीद बंदर, दाणाबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथला घाऊक बाजार मुंबईत कोंडी करतो, म्हणून तो तुर्भे-वाशीला आणायचा ठरलं. व्यापारी राजीखुशीने आले नाहीत. भायखळ्याची पेढी सोडून दलदलीत कोण जाणार, असं म्हणत होते. कांदा-बटाटा आधी आला, भाजीपाला १९९६ ला. शासनाने घाऊक व्यवहार मुंबईतून उचलून इकडे आणण्याचा हट्ट धरला आणि तो तडीस नेला. मुंबईत घाऊक भाजी विकायचीच नाही, असं झाल्यावर कुठे जाणार?

तिसरे माथाडी. बाजार आला तसा पाठीवर गोणी घेणारा माणूसही आला. सातारा-जावळी, पाटणकडचा माणूस, आधी मशीद बंदरच्या गाळ्यावर झोपणारा, तो कोपरखैरणेला सिडकोच्या घरात आला. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या मुलांच्या शाळेचं काय, बायकोच्या कामाचं काय, गावाकडची गाडी कुठून धरशील? तो आला, कारण काम इकडे आलं होतं.

शेतकरी हलला, व्यापारी हलला, हमाल हलला. हलले नाहीत ते फक्त हलवणारे. साहेब, हे मी चिडून लिहीत नाही, पण बेलापूरला राहून हे रोज दिसतं.

आपण म्हणाल, कोकण भवन आहे की. आहेच. कोकण विभागाचे आयुक्त इथे बसतात, मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे या इमारतीखाली येतात. त्याशिवाय कितीतरी खात्यांची विभागीय कार्यालयं आहेत. माझं दुकान त्यांच्यावरच चालतं, मी नाकबूल कसा होऊ? पण इथे काय आलं आणि काय नाही, ते दुकानाच्या काउंटरवरून नीट कळतं.

वेंगुर्ल्याकडचे एक काका आले होते. कोकणकन्येने पहाटे पनवेलला उतरलेले, तिथल्या बाकावर उजाडेपर्यंत बसलेले, मग लोकलने बेलापूर. हातात प्लास्टिकची चेनवाली पिशवी. आत सातबारा, फेरफार, तलाठ्याचा दाखला, आणि सगळ्यात वर एसटीचं एक जुनं तिकीट, त्याच्या पाठीवर जावक क्रमांक लिहिलेला. इथल्याच एका कार्यालयात चौकशी करून ते खाली आले आणि म्हणाले, स्मरणपत्र लिहायचं आहे. कुणाला? तर मंत्रालयात, कारण 'प्रकरण मार्गदर्शनार्थ शासनाकडे सादर' झालं होतं. हे मार्गदर्शन प्रकरण ज्याने हाताळलं असेल त्याला माहीत आहे. खालच्या साहेबाला निर्णय घेता येतो का याबद्दल शंका आली, किंवा शंका आल्यासारखं दाखवायचं असलं, की फाइल वर जाते. वर म्हणजे मंत्रालयात त्या विषयाच्या टेबलावर, ज्याला कार्यासन म्हणतात, तिथून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, आणि मुद्दा मोठा असेल तर मंत्री. आणि तशीच उतरत खाली. मी स्मरणपत्र टाइप करत होतो, काका एकटेच बोलल्यासारखे म्हणाले, "मग मी हंयसर कित्याक इलंय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण आपल्याकडे असायला हवं. बेलापूरला कार्यालय आलं, सही आली नाही. ही गोष्ट फक्त बेलापूरची नाही. कृषी आयुक्तालय आणि साखर आयुक्तालय पुण्याला, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला, वस्त्रोद्योगाचं नागपूरला. कागदावर पाहिलं तर महाराष्ट्राइतकी वाटून दिलेली कार्यालयं कुठे सापडायची नाहीत. पण पुण्याचा आयुक्त असो की नाशिकचा, धोरणाची, निधीची, बदलीची, अपिलाची फाइल मुंबईलाच येते. म्हणजे सामान्य माणसाचा हेलपाटा एकाचे दोन झाले. आधी थेट मुंबई गाठायची होती, आता नाशिक करून मुंबई.

आणि हे सगळं एकाच इमारतीत येऊन थांबतं म्हणून तिथे काय होतं तेही राज्याने पाहिलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये मंत्रालयाच्या मधल्या चौकात जाळी बसवावी लागली, कारण माणसं वरून उडी मारू लागली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी इतर आदिवासी आमदारांसह त्याच जाळीवर उड्या मारल्या. सत्ताधारी बाजूच्या माणसाला आपलं म्हणणं ऐकवायला तिथवर जावं लागत असेल, तर वेंगुर्ल्याच्या काकांनी काय करायचं?

ई-ऑफिस आलं आहे, आता कोण कुठे बसतो याने काय फरक पडतो, असं एक साहेब मला सांगत होते. मला वाटतं हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. फाइल जर संगणकावरच चालते, तर ती नरिमन पॉइंटलाच उघडायचं कारण काय? दुसरं म्हणजे, फाइल संगणकावर गेली म्हणून माणसाची फेरी थांबलेली मी पाहिली नाही. २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्यात कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त फाइल एका टेबलावर सहसा राहू नये असं लिहिलंय. ते कलम माझ्या प्रत्येक तिसऱ्या अर्जात असतं. अर्जदार तरीही येतो, कारण फाइल कुठे आहे ते माणसाने तोंडाने सांगितल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही.

आता आपल्या कर्मचाऱ्यांबद्दल. मी त्यांना शत्रू मानत नाही, त्यांच्यातले बरेच माझे शेजारी आहेत. नेरूळ, सीवूड्स, खारघर, पनवेलमध्ये मंत्रालयातली माणसं किती राहतात ते सकाळी हार्बरच्या फलाटावर उभं राहून बघा. सव्वासात-साडेसातची सीएसएमटी लोकल, तासाभराहून जास्त उभं राहून प्रवास, खाली उतरून बस किंवा शेअर टॅक्सीची रांग. त्याच वेळी समोरच्या फलाटावर पनवेलकडे जाणारी गाडी येते, तिच्यात बसायला जागा असते. ज्यांनी १९६५ ला ती मांडणी केली त्यांना नेमकी हीच उलट दिशेची गाडी भरायची होती. ठाणे-वाशी रेल्वे २००४ पासून आहे, म्हणजे डोंबिवली-कल्याण-बदलापूरच्या कारकुनाला ठाण्यात गाडी बदलून इकडे येता येतं, त्याला सीएसएमटीपेक्षा हे सोपं. उरणहूनही २०२४ पासून लोकल येते. खरी अडचण वसई-विरार आणि बोरिवलीकडच्यांची. त्यांना आज चर्चगेट सरळ आहे, उद्या दादर-कुर्ला करत यावं लागेल. त्यांच्यासाठी विकल्प ठेवा, ज्याला यायचं तो येईल. वांद्र्याच्या शासकीय वसाहतीतल्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांची मुलं तिथे शाळेत आहेत, त्यांनाही आज सांगून उद्या हलवू नका. एक शैक्षणिक वर्ष आधी सांगा. माथाडीला जे सांगितलं नव्हतं ते निदान यांना तरी सांगा.

दक्षिण कोरियाने २०१२ पासून मंत्रालयं सोलहून सेजोंगला न्यायला सुरुवात केली, संसद मात्र सोललाच राहिली. परिणाम असा की अधिकारी रेल्वेने सोलला खेपा घालतात. आपण अर्धंच हलवलं तर तेच होईल, फक्त आपले अधिकारी अटल सेतूवरून गाडीने जातील. (त्या पुलावर मोटारीला एका बाजूचा टोल २५० रुपये आहे. मंत्र्यांना पूल, आम्हाला लोकल, अशी विभागणी आपोआप झालीच आहे.) आणि कुणी तुघलकाचं नाव काढायच्या आत सांगून टाकतो, बेलापूर दौलताबादइतकं लांब नाही. मुंबईच्या लोकलनेच इथे येता येतं.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. आख्खं मंत्रालय उचला असं मी म्हणत नाही, ते होणार नाही हे मला कळतं. अधिवेशन चालतं तेव्हा मंत्र्यांना विधान भवनाजवळ राहावं लागतं, तेही कळतं. पण काही कामं अशी आहेत ज्यात मंत्र्याने सभागृहाजवळ असण्याची काडीचीही गरज नाही. महसूल मंत्र्यांकडे जमिनीच्या प्रकरणांतली अपिलं आणि पुनरीक्षण अर्ज चालतात. अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांकडे रेशन दुकानांच्या परवान्यांची प्रकरणं चालतात. ही सुनावणी असते, कोर्टासारखी. वादी-प्रतिवादी दोघेही जिल्ह्यातून येतात, त्यांचे वकील येतात, कधी तारीख ऐन वेळी पुढे जाते आणि सगळे परत जातात. मुंबईत राहायची सोय नसलेला माणूस रात्रीची गाडी धरून येतो आणि रात्रीची गाडी धरून जातो. कोकणातल्या प्रकरणांची ही सुनावणी बेलापूरला का होऊ नये? इथे दालन आहे, खाली कॅन्टीन आहे, कोकणची गाडी पनवेलला थांबते. एसटी खारघर-कळंबोलीवरूनच जाते. विदर्भातल्या पक्षकाराला विमान परवडत असेल तर डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे. मंत्र्यांनी महिन्यातले ठरलेले दिवस इकडे बसावं, त्यांच्याबरोबर त्या कार्यासनाचे कक्ष अधिकारी आणि लिपिक यावेत, आदेशाची प्रमाणित प्रत त्याच इमारतीतून मिळावी. हे झालं की त्या कार्यासनाला नरिमन पॉइंटची जागा लागणारच नाही, ते आपोआप इथलं होईल. मत्स्यव्यवसायाचंही तसंच. ज्या खात्याचा अर्धा कारभार खाडी आणि समुद्राशी आहे त्याचं मंत्रालयीन कार्यासन करावे-दिवाळ्याच्या कोळीवाड्याजवळ असलं तर काय बिघडणार आहे?

उच्च न्यायालयाने तर फोर्ट सोडायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये वांद्र्याला नव्या संकुलाची पायाभरणी झाली. तिथल्या वकिलांची ऑफिसं पिढ्यान् पिढ्या फोर्टात आहेत, तेही कुरकुरत का होईना, जातील. फोर्ट सोडता येतो एवढं त्यातून कळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. हे हलवणं जमिनीच्या व्यवहारात अडकवू नका. कार्यालयं बेलापूरला नेतो म्हणून नरिमन पॉइंटची जागा विकायची आणि इकडे नव्या इमारतीसाठी पुन्हा कुणाच्या तरी गावठाणावर बोट ठेवायचं, हे आम्ही पाहिलेलं आहे. पालघर जिल्हा २०१४ ला झाला, त्याच्या मुख्यालयाच्या इमारती सिडकोने बांधल्या, त्या बदल्यात तिला जमीन मिळाली. इमारती चांगल्या झाल्या, पण जव्हार-मोखाड्याच्या आदिवासीला पालघर जवळ आलं का, ते त्यालाच विचारलेलं बरं. बेलापूरला नवी जमीन घ्यायची गरज नाही. बेलापूर स्टेशनच्या डोक्यावर सिडकोनेच बांधलेली कार्यालयं आहेत, कोकण भवन आहे, रायगड भवन आहे. आधी त्यांत एक दालन उघडा.

पनवेलकरांचंही एक गाऱ्हाणं जाता जाता नोंदवतो, कारण माझ्या दुकानात ते रोज येतं. नवी मुंबई एक शहर म्हणून वसवलं, पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडमध्ये. मध्ये अंतर एका स्टेशनचं. खारघरच्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं तर अलिबाग. त्यावर वेगळं पत्र लिहीन.

या अर्जाला आपल्या टपालात आवक क्रमांक पडेल, मग तो सामान्य प्रशासन विभागाकडे जाईल, तिथून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' महसूलकडे, आणि महसूलमधून कदाचित आमच्याच विभागीय आयुक्तांकडे अभिप्रायासाठी. हा फेरा मला पाठ आहे आणि मी घाईत नाही. मला उत्तराचं पत्रही नको. कोकणातल्या जमिनीच्या एखाद्या प्रकरणाची पुढची नोटीस निघेल तेव्हा तिच्यात सुनावणीच्या ठिकाणासमोर 'कोकण भवन, सीबीडी बेलापूर' असं लिहून पाठवा. तारीख कुठलीही चालेल, फक्त गणपतीच्या आठवड्यात ठेवू नका, तेव्हा आमचे गिऱ्हाईक गावाला असतात.

आपला,
बेलापूरचा एक टायपिंगवाला

प्रत माहितीसाठी :
१. मा. महसूल मंत्री, यांचे स्वीय सहायक.
२. मंत्रालयीन कर्मचारी, जे सकाळच्या सीएसएमटी लोकलला नेरूळहून चढतात.